पाण्याला शब्द नव्हता

“उठा, पळा!” मी ओरडले.

माझ्या मागं बसलेल्या एकोणीस बायांनी एका सुरात म्हटलं, “उठा, पळा!” आणि त्या बसूनच राहिल्या.

“अगं, माशा आल्या!”

“अगं, माशा आल्याऽऽ,” एकोणीस जणींनी हेल काढला. माना खाली, कपाळं मातीला टेकलेली, काळी घोंगडी डोक्यावरून नाकापर्यंत ओढलेली. एकीनंही वर बघितलं नाही. वर चिंचेच्या फांदीवरचं आग्या मोहोळ उठलं होतं आणि मळणी यंत्र चालू व्हावं तसा आवाज येत होता. समोर पंधरा पावलांवर माझी धाकटी जाऊ फुलांनी सजवलेल्या तिरडीवर मेलेली पडली होती. म्हणजे मेल्याचं काम करत होती. चंदनाचं उटणं आणि अत्तर लावलेला तिचा चेहरा उघडा होता, आणि त्या चेहऱ्यावर माशा उतरत होत्या. ती हलली नाही. काहीही झालं तरी हलायचं नाही, असं तिला सांगून ठेवलेलं होतं.

मी चौथी शिकले आहे. शाळेत जेवढं शिकवलं तेवढं मला येतं, आणि जे येत नाही ते येतं असं मी सांगत नाही. एवढी एकच गोष्ट त्या भाषेच्या सरांना जमली असती, तर माझ्या जावेवर ही वेळ आली नसती.

आमचं गाव अहमदपूरहून लोह्याकडं जाताना रस्त्यापासून आत आहे. गावाबाहेर दगडाचं एक पडकं देऊळ आहे. आत देव नाही, शेळ्या बसतात. देवळापुढं मोठी चिंच आहे. तिथं कुठल्यातरी हिंदी मालिकेचं शूटिंग होणार, असं सरपंचानं सांगितलं तेव्हा गावातली पोरं केस कापून, पावडर लावून उभी राहिली. त्यांना कुणी विचारलं नाही. मालिकावाल्यांना म्हाताऱ्या बाया पाहिजे होत्या, रडायला.

मालिका दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका राज्याची होती. राज्य खरं होतं का, असं विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. त्या राज्यातली माणसं हिंदी बोलणार होती, पण पूजा, लग्न आणि मयत आली की त्यांच्या जुन्या भाषेत बोलणार होती. ती जुनी भाषा त्या सरांनी बनवली होती. सर पुण्याकडचे. वय चाळीसच्या आसपास, अंगानं बारीक, पायांत पांढरे बूट. आमच्या गावात पांढरे बूट घालून येणारा माणूस किती विचार करून घराबाहेर पडतो, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

“बनवली म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे तयार केली, आजी. त्या काळी इथले लोक जसे बोलत असतील, तशी.”

“ते कसं बोलत होते हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. काही शिल्लकच नाही ना. म्हणून तर तयार करावी लागली.”

माझी जाऊ बाजूला तंबाखू मळत बसली होती. ती म्हणाली, “मग ती मुकीच होती म्हणा की. तुमचं काम हलकं झालं असतं.”

सर हसले. शिकलेली माणसं आपल्या बोलण्यावर हसतात, ते बोलणं ऐकलं म्हणून नव्हे, आपण बोललो म्हणून. तीन वर्षं लागली म्हणे त्यांना ती भाषा करायला. जाडजूड फाइल होती. फाइलमध्ये तक्ते. कुठला आवाज घशातून, कुठला नाकातून, कुठल्या शब्दाला कुठली शेपटी. तीन वर्षांत माणूस घर बांधून रंग देऊन मोकळा होतो.

शिकवणी आमच्या वस्तीतल्या विहारात ठेवली. आम्ही वीस जणी रडणाऱ्या. त्यातल्या बारा आमच्या वस्तीतल्या, आठ गावातल्या शेतकऱ्यांच्या घरच्या. आधी दोन दिवस नुसते आवाज. एक आवाज घशाच्या तळातून काढायचा, काटा अडकल्यावर खाकरतो तसा. एक ओठ मिटून नाकातून, गाय वासराकडं बघून करते तसा. एका ‘ळ’साठी जीभ उलटी करून एवढी मागं न्यायची होती की कवळी बसवलेल्या दोघींची कवळी सुटायला लागली. त्या दोघींना सरांनी शेवटच्या रांगेत बसवलं आणि नुसते ओठ हलवायला सांगितले. दोन हजार वर्षांपूर्वी म्हाताऱ्यांना दात होते का, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. विचारलं असतं तर तेही त्यांनी फाइलमध्ये बघितलं असतं.

मग व्याकरण. क्रियापद आधी यायचं. “राणी गेली” नाही, “गेली राणी”.

“का?” मी विचारलं.

“त्या माणसांना कृती महत्त्वाची वाटायची, आजी. काय झालं ते आधी, कुणाला झालं ते नंतर.”

मी आयुष्यभर मयतीच्या घरी जाऊन बसले आहे. एकही बाई क्रियापदानं रडायला सुरुवात करताना मी पाहिलेली नाही. मेलेल्याला आधी हाक मारायची असते. “माझे बाई गं,” “माझ्या भावा रं,” असं आधी म्हणायचं, मग तो कसा होता ते, मग गेला म्हणायचं. गेला हे तर समोर दिसतच असतं. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “फार सुंदर निरीक्षण आहे.” आणि पुढचा तक्ता काढला.

मेलेल्या माणसाच्या नावाला ‘ठ’ची शेपटी लावायची. राणीला त्यांच्या भाषेत थाळुव. मेली की थाळुवठ. आणि बोलणाऱ्यानं गोष्ट डोळ्यांनी पाहिली असेल तर क्रियापदाला ‘न’ लावायचा, नुसती ऐकली असेल तर ‘श’. हे एक मात्र मला पटलं. आमच्या गावात पाहिल्याची आणि ऐकल्याची शेपटी वेगळी असती, तर निम्मी भांडणं पारावरच संपली असती. खोटं का सांगू. तेवढं चांगलं होतं.

आमची ओळ अशी: ओरेश थाळुवठ, ओरेश थाळुवठ, मिंगा तुरा नेशे. म्हणजे गेली असं ऐकलं, राणी, मेलेली, दिवा कुणाच्या हाती. राणी म्हणजे राजाची आई, राजमाता. ते काम माझ्या जावेला दिलं होतं. बाकी कुणी मेल्याचं काम करायला तयार नव्हतं, अपशकून म्हणून. जाऊ म्हणाली, “झोपायचंच हाय ना? मी झोपते.”

पहिल्या तालमीत ती सतरंजीवर मेलेली पडली आणि आम्ही सुरू केलं. तिनं डोळे उघडले.

“सर, मी हितं समोर मरून पडली हाय, अन् ह्या ऐकलं काय म्हणून राहिल्यात?”

सर म्हणाले, “त्यांनी प्रेत पाहिलं आहे, मरण नाही पाहिलं.”

“असं व्हय. मग मी कशानं मेले?”

हे फाइलमध्ये नव्हतं. सरांनी दोन दिवस विचार केला आणि ‘श’चा ‘न’ केला. पुन्हा सगळं नव्यानं पाठ. ओरेन थाळुवठ.

पाठ आमचं लवकर झालं. त्यांनी आठ दिवस धरले होते, आम्हाला दोन लागले. सर फोनवर कुणाला तरी सांगत होते की ही भाषा या बायांच्या रक्तातच आहे. रक्तात काही नव्हतं, सवयीत होतं. विहारात मी पुढं म्हणते आणि बाकीच्या मागून म्हणतात. पालीतली वंदना आम्ही अशीच शिकलो, माझ्या सासूकडून मी, माझ्याकडून ह्या. मी हात जोडले की सगळ्या जोडतात, मी वाकले की सगळ्या वाकतात, मी टेकले की टेकतात. डोळे मिटलेले असतात, कान माझ्याकडं असतो. फरक एवढाच की वंदनेचा अर्थ आम्हाला समजावून सांगितलेला आहे, आणि तो पटला म्हणून आम्ही म्हणतो. गावातल्या आठ जणींना ही सवय नव्हती. त्या चार दिवसांत आमच्यासारख्याच झाल्या.

एवढ्या की एकदा तालमीत मध्येच मी म्हणाले, “धाकटे, तंबाखूची डबी सरकव इकडं.” आणि एकोणीस जणींनी गळा काढला, “धाकटेऽ, तंबाखूची डबी सरकव इकडंऽ.” मेलेली राजमाता हसून हसून सतरंजीवरून खाली आली. सर हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. तालमीत आणि शूटिंगला मराठीचा एक शब्द नाही. एकीनं जरी काढला, तरी सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं, उन्हात, घोंगडी पांघरून. त्या काळी बाया मयतीला काळी घोंगडी पांघरायच्या, असंही कुणीतरी ठरवलं होतं. एप्रिल महिना होता. त्यामुळं कुणाच्या तोंडून मराठी निघायला लागली की शेजारीण मांडीला चिमटा काढायची. माझ्या मांडीवर अजून दोन डाग आहेत.

एका दुपारी जावेनं विचारलं, “सर, ह्या भाषेत पाणी कसं मागायचं?”

सरांनी फाइल उलटली, पालटली. “पाणी अजून केलेलं नाही. पटकथेत कुणी पाणी मागत नाही.”

“अन् राजाला किती नावं केलीत?”

“अकरा.”

“अकरा नावांचा राजा तहानेनं मरायचा हो तुमचा.”

आता चिंचेचं सांगते. पहिल्या दिवशी जागा बघायला आम्हाला देवळापाशी नेलं, तेव्हाच मी सरांना फांदी दाखवली होती. “सर, ते आग्या मोहोळ हाय. हितं धूर करायचा न्हाई. आम्ही हितं लग्नाचं फटाकंसुदिक वाजवत न्हाई.” सर थांबले. खिशातून वही काढली. “काय म्हणालात? पुन्हा म्हणा. आग्या...?” मी पुन्हा म्हणाले. “सावकाश. मोहोळ. तो ‘ळ’ पुन्हा.” मी तीनदा म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं, माझ्या तोंडाकडं बघत, मान हलवत. मला वाटलं, माणूस ऐकून घेतोय. लिहून घेतलं म्हणजे ऐकून घेतलं, असं मी समजले. ही माझी चूक. चौथी शिकलेल्या बाईची चूक म्हणा.

जाऊ कशी बाई आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी त्या घरात आलो. ती वयानं लहान, अंगानं दांडगी. तिला एक गोष्ट सांगितली की ती ती करते, आणि थांब म्हणेपर्यंत करते. सासऱ्यानं एकदा तिला अंगणात मिरच्यांपाशी बसवलं, कोंबड्या हाकलायला. गारा पडल्या. सगळे आत पळाले. ही बाई पदर डोक्यावर धरून गारांत बसली, कारण तिला उठ असं कुणी म्हटलं नव्हतं. मिरच्या भिजल्याच, ही पण भिजली. दहा दिवस ताप. आम्ही दोघी चाळीस वर्षं एका चुलीवर भांडलो, पण त्या गारांबद्दल मी तिला कधी बोलले नाही. त्या दिवशी उठ असं म्हणणारी मीच असायला पाहिजे होते, आणि मी आत होते.

आणखी एक आहे. आमच्या रडण्यात शेवटी एकेकीनं पुढं होऊन राजमातेच्या पायांवर डोकं टेकायचं होतं. गावातल्या आठ जणींत एक बाई होती, जिच्या शेतात माझी जाऊ अर्धं आयुष्य खुरपायला गेली. तिथं जावेला पाणी वरून ओंजळीत मिळायचं, ते दिवस दोघींनी पाहिले आहेत. ती बाई सरांना म्हणाली, “मी हिच्या पाया पडू?”

“त्यांच्या नाही, राजमातेच्या,” सर म्हणाले.

“पाय तर हिचेच हाईत न्हवं?”

“आजी, ती त्यांची पद्धत आहे. त्यांच्या भाषेतच तसं आहे.”

शेवटी ती वाकली. पहिल्यांदा कपाळ पायांपासून चार बोटं वर ठेवलं. डायरेक्टरनं तीन वेळा परत करायला लावलं, चौथ्या वेळी टेकलं. माझी जाऊ डोळे मिटून पडली होती. पापणी हलली नाही. नंतर मी विचारलं, “कसं वाटलं गं?” ती म्हणाली, “पायाला गुदगुल्या झाल्या. पण हलले न्हाई मी.” मला असं वाटतं की त्या वाकण्यासाठीच ती माशांतसुद्धा पडून राहिली. ती म्हणते, तसं काही नाही, सांगितलं होतं म्हणून. तिचं खरं असेल.

शूटिंगच्या चौथ्या सकाळी मोठं रडणं होतं. धुराचं मशीन होतं, त्याच्या धुरानं डायरेक्टरचं मन भरेना. त्यांनी ओला कडबा आणि गवऱ्या पेटवल्या, वर ऊद टाकला, चिंचेच्या बुडाशी. मी धूर वर जाताना पाहिला आणि उभी राहिले. सर माझ्या समोरच होते, कानाला यंत्र लावून. “सर, मोहोळ...” एवढंच मी म्हणाले. आवाजाचं मशीन चालू झालेलं होतं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. मी मराठीत बोलले होते ना. शेजारणीनं खाली ओढून चिमटा काढला. मी बसले आणि पुढं म्हणायला लागले. ओरेन थाळुवठ. मागून एकोणीस जणी.

तिसऱ्या वेळी म्हणताना आवाज आला. मग मी ओरडले, आणि पुढं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं आहे. बायांचा दोष नाही. पंधरा दिवस त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की मी म्हणेन ते म्हणायचं, समजून घ्यायचं नाही, वर बघायचं नाही. डायरेक्टर खुर्चीवर उभा राहून दोन्ही हातांनी “चालू द्या, चालू द्या” अशा खुणा करत होता. त्याला आमचा आवाज फार आवडला होता. मग त्याच्या मानेवर माशी बसली. मग ते सगळे पळाले, खुर्च्या, छत्र्या, तारा तुडवत. पांढरे बूट सगळ्यांच्या पुढं होते.

मला पण पळावं वाटलं होतं. पळा असं मीच ओरडले होते. पण आग्या माशी पळणाऱ्याच्या मागं जाते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. भीतीनं तोंडातून चुकीचा शब्द निघाला होता, आणि माझ्या बायांनी तो नुसता म्हटला, केला नाही, हे बरं झालं. मी तोंड बंद केलं. मी काय म्हणते ते त्या म्हणतात. मी काय करते तेही त्या करतात. मी घोंगडं दोन्ही हातांनी पूर्ण ओढून घेतलं आणि आडवी झाले, पालथी. मागं घोंगड्यांचा आवाज झाला. एकोणीस जणी पालथ्या.

राहिली जाऊ. तिच्याजवळ घोंगडं नव्हतं. राजमातेला पांढरं झिरझिरीत कापड दिलं होतं, आणि फुलं.

मी घोंगड्याखालून सरपटत गेले. पंधरा पावलं म्हणजे काही नाही. मी सत्तरीच्या पुढची आहे. हाताला, पायाला, घोंगड्यातून पाठीला चावत होत्या, डोळ्यापाशी चावल्या. तिरडीवर चढून मी तिच्यावर आडवी पडले आणि घोंगडं दोघींवर ओढलं. तिच्या चेहऱ्यावरच्या माशा आमच्या दोघींच्या मधे आल्या. त्या मी हातानं चिरडल्या. तिचा ओठ एव्हाना वांग्याएवढा झाला होता. त्या ओठातून तिनं हळूच विचारलं,

“झालं का, बाई?”

“न्हाई झालं. मेल्यावानीच पड.”

“उठू का?”

“उठलीस तर खरंच मरशील. गप.”

“सर वरडतील.”

“सर पळाले.”

तिचा श्वास शिट्टीसारखा येत होता. मी मोजत नव्हते, पण फार वेळ गेला. गावातली माणसं ओली पोती पांघरून, पेटत्या पेंढ्या घेऊन आली आणि एकेकीला पोत्यात गुंडाळून देवळाच्या आत नेलं. शेळ्यांच्या जागेत आम्ही वीस जणी आणि एक राजमाता.

अहमदपूरला सगळ्यांना सुया टोचल्या आणि बहुतेकींना संध्याकाळपर्यंत घरी सोडलं. जावेचा श्वास अडकायला लागला, जीभ तोंडात मावेना, नाडी लागेना. तिला आणि मला नांदेडला हलवलं. माझे दोन्ही डोळे बंद झाले होते. शेजारच्या खाटेवर ती होती, एवढं मला ऐकूनच कळायचं. डॉक्टर म्हणाले, आज आणि उद्या बघू. ते बोलतात त्याचा अर्थ मला कळतो. मी तिच्या मुलाला बोलावून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोलायला लागली. आधी पुटपुट, मग स्पष्ट. “ओरेन थाळुवठ. ओरेन थाळुवठ.”

तालमीत तिला एकही शब्द नव्हता. मेलेल्याला काय शब्द असणार. पंधरा दिवस पडल्या पडल्या तिनं ऐकून घेतलं होतं, आणि आता शुद्ध नसताना ते बाहेर येत होतं, सरांच्या सगळ्या शेपट्यांसकट, घशातला आवाजसुद्धा नीट. गेली राणी, आम्ही पाहिलं, मेली. मी आंधळ्यासारखी पडून ते ऐकत होते. सरांनी रचून दिलेल्या त्या रडण्याची मला कधी भीती वाटली नव्हती. तेव्हा वाटली.

सिस्टर म्हणाली, “ह्या देगलूरकडच्या का हो? तेलुगू बोलून राहिल्यात का?”

“कुठलं तेलुगू. ती भाषा कुणाची न्हाई.” मी खाटेवरून हात लांब करून तिचा हात शोधला आणि जोरात चिमटा काढला, तालमीत काढायचे तसा. “धाकटे, मराठीत बोल. मरायचं असलं तर मराठीत मर. ही असली भाषा तोंडात घेऊन जाऊ नको.”

“मिंगा तुरा नेशे,” ती म्हणाली.

मी पुन्हा चिमटा काढला. आणि मग मी ते म्हणाले जे त्या दिवशी गारांत म्हणायला पाहिजे होतं. “उठ. आता उठ. मी सांगते, उठ.”

सिस्टर म्हणाली, त्यांना त्रास देऊ नका. मग जाऊ म्हणाली, “बाई, पाणी.”

तो शब्द त्या फाइलमध्ये नव्हता. ती परत आली आहे, हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं. सिस्टरनं पाणी लगेच दिलं नाही, कापूस भिजवून ओठांवर फिरवला. जाऊ चिडली. तिचं चिडणं ऐकून मला झोप लागली.

पाचव्या दिवशी सर आले. माझा एक डोळा उघडला होता, त्यानं मी त्यांना पाहिलं. तोंड सुजलेलं, डोक्यावर टोपी, हातात सफरचंदं, पायांत चपला. पळाल्यामुळं त्यांना आमच्यापेक्षा जास्त चावल्या होत्या. सॉरी म्हणाले, दोनदा. मग म्हणाले, “आजी, सिस्टर म्हणाल्या की ह्या बेशुद्धीत ती भाषा बोलत होत्या.”

“होत्या.”

“काय बोलल्या नेमकं? म्हणजे त्यांना शिकवलं नव्हतं कधी. नुसतं ऐकून भाषा आत उतरली. हे... कुणी रेकॉर्ड केलं का?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते जावेसाठी नव्हतं.

मी म्हणाले, “तुमची वही हाय का खिशात?”

होती. वही त्यांनी माशांतूनसुद्धा नेली होती.

“आग्या मोहोळ लिहिलं होतं ते पान काढा.”

त्यांनी काढलं.

“वाचा. त्याच्या पुढं काय लिहिलंय?”

“उच्चार लिहिला आहे. ‘ळ’ कसा आहे ते.”

“अन् धूर करायचा न्हाई असं मी म्हटलं होतं, ते कुठं लिहिलंय?”

सरांनी पान उलटून बघितलं. मागं काही नव्हतं. त्यांनी वही मिटली.

माझी जाऊ खाटेवरून म्हणाली, ओठ अजून जाड होता, “सर, पाण्याला शब्द केला का?”

“नाही अजून,” ते म्हणाले.

“मग काय करून राहिलात इतके दिवस?”

ते गेले. सफरचंदं चांगली होती, आम्ही खाल्ली. मालिका पुढं लागली म्हणतात. आमचं रडणं त्यात आहे का ते मी बघितलं नाही आणि बघणार नाही. चिंचेवर मोहोळ परत बसलं आहे. जी बाई चार वेळा वाकून पाया पडली, ती जावेला रस्त्यात “काय राजमाता, निघाल्या का?” असं म्हणते. वाकत नाही. जाऊ पण थांबत नाही, सरळ चालत राहते.

त्या सकाळी चिंचेखाली रडणाऱ्या वीस होत्या आणि मेलेली एक. एकवीसच्या एकवीस जगलो.